एकाच धक्क्याच्या दोन नोंदी

"तुमच्या लोकांना जिथं तिथं अन्यायच दिसतो."

श्रीरंग सर हे हसत हसत म्हणाले. मराठीत म्हणाले. कॉन्फरन्स रूममध्ये आम्ही चौघं होतो आणि त्यातल्या दोघांना मराठी येत नव्हतं. रॉन हा क्लायंटचा माणूस. गोरा, उंच, बास्केटबॉलच्या एका मोठ्या व्यावसायिक लीगच्या शिस्त विभागाचा प्रमुख. डेनिस त्याच्याच ऑफिसातली, पन्नाशीची काळी बाई, तिथल्या नोंदी टाइप करणारी. श्रीरंग सर आमच्या कंपनीचे मॅनेजर. चौथी मी. सरांच्या हसण्याला रॉनही हसला. त्याला वाटलं, काहीतरी विनोद झाला.

"व्हॉट डिड ही से?" डेनिसनं मला विचारलं.

मी म्हणाले, "ही सेज आय वर्क टू हार्ड."

सगळे हसले. मीसुद्धा हसले. तोंडावर थुंकलेलं मीच पुसलं आणि वर गुलाबपाणी होतं म्हणून सांगितलं.

अन्याय हा शब्द मला नंतर ऐकू आला. आधी ऐकू आलं ते 'तुमच्या लोकांना'. माझे लोक कोण, हे सरांना कळलं होतं.

साल दोन हजार सहा. गाव अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया. मी एकतीस वर्षांची, पुण्याच्या कंपनीनं पाठवलेली प्रोग्रामर. व्हिसा कंपनीचा, म्हणजे श्वासही कंपनीचा. नोकरी गेली की त्याच दिवसापासून इथं राहणं बेकायदा, असं आम्ही सगळेच धरून चालायचो. मागं पोलिसांची गाडी दिसली तरी स्टिअरिंगवरचे माझे हात ओले व्हायचे. आणि या भीतीच्या पोटात आणखी एक भीती. ती मी नांदेडहून बरोबर आणली होती. कस्टमवाल्यांना काही ती सापडली नाही.

अ‍ॅशबर्नमध्ये मराठी घरं बरीच. शनिवारी कुणाकडे तरी पॉटलक असायचं, प्रत्येकानं घरून एक पदार्थ न्यायचा. मी वांग्याची भाजी न्यायचे. एखाद्या काकू चव घेऊन म्हणायच्या, "वेगळाच मसाला गं तुझा. तुम्ही मूळचे कुठले?" प्रश्न साधा. पण तो कुठं चाललाय हे मला पहिल्या पावलालाच कळायचं. "नांदेड," मी म्हणायचे आणि पटकन त्यांच्या मुलाच्या शाळेचं काढायचे. माझं आडनाव गावावरून पडलेलं, कुणाचंही असू शकेल असं. त्या आडनावाच्या आडोशाला मी पाच वर्षं काढली.

मग ग्रीन कार्डची कागदपत्रं गोळा करायची वेळ आली. माझ्याकडे जन्मदाखला नव्हता. आमच्यात कोण काढून ठेवतंय? त्याऐवजी शाळा सोडल्याचा दाखला चालेल, म्हणाले. तो श्रीरंग सरांच्या हातून कंपनीच्या वकिलाकडे जायचा होता. त्या दाखल्यावर एक रकाना जातीचा असतो. खाली एक रकाना वर्तणुकीचा. वर्गातल्या सगळ्यांच्या दाखल्यावर वर्तणूक 'चांगली' होती. माझी 'समाधानकारक'. सरांनी तो कागद वाचला आणि फाइलमध्ये ठेवला. पण त्या आठवड्यापासून मला 'अगं' म्हणायचं त्यांनी थांबवलं. नुसतं नाव घ्यायला लागले. त्यांच्या घरून वहिनींचा शनिवारचा फोनही आला नाही.

मी स्वतःला समजावलं, योगायोग असेल. घाबरलेल्या माणसाला योगायोग फार लागतात.

आता कामाचं सांगते. लीगकडे जुन्या शिक्षांच्या ढीगभर नोंदी होत्या. मैदानात कुणी कुणाला ढकललं, कुणी पंचाला शिवी दिली, त्याचं मोकळ्या भाषेत वर्णन आणि खाली शिक्षा. नव्या सॉफ्टवेअरला मोकळी भाषा चालत नव्हती. प्रत्येक प्रकाराला एक ठरावीक वर्ग द्यायचा होता: साधी चूक, धसमुसळेपणा किंवा हल्ला. त्यासाठी मी एक प्रोग्राम लिहिला. सामना संपल्यावर पंच एक तक्ता भरतात. हात कुठं लागला, आधी कोण, नंतर कोण, समोरचा पडला का, दुखापत झाली का. माझा प्रोग्राम फक्त तो तक्ता वाचायचा आणि वर्ग द्यायचा. आम्ही बाहेरचे कंत्राटी लोक, म्हणून खेळाडूंची नावं आमच्यापासून झाकलेली होती. प्रोग्रामला नाव माहीत नाही, रंग माहीत नाही. त्यानं दिलेला वर्ग जुन्या नोंदीशी ताडून बघायचा. जुळला की काम बरोबर.

जुळेना.

मला वाटलं, माझीच चूक. आम्हाला आधी तसंच वाटतं. तीन दिवस मी कोड उलटापालटा केला. कोड बरोबर होता. शेवटी परवानगी मागून, जुळत नव्हते त्या प्रकारांचे व्हिडिओ बघायला बसले.

पहिल्या व्हिडिओत अकरा नंबरचा खेळाडू. काळा, जेमतेम तेवीस वर्षांचा वाटणारा, चेहऱ्यावर अजून कॉलेज. समोरच्यानं त्याच्या बरगडीत कोपर मारलं. यानं दोन्ही हातांनी त्याच्या छातीला धक्का दिला. तो दोन पावलं मागं गेला, पडला नाही. लगेच अकरा नंबरनं दोन्ही हात वर केले आणि वळून चालू लागला. जुनी नोंद: हल्ला. आक्रमक वृत्ती. इतरांना धोका. शिक्षा: उरलेला संपूर्ण हंगाम बंदी.

दुसऱ्या व्हिडिओत एक गोरा, जुना खेळाडू. त्यालाही आधी कोपर लागलं. त्यानंही दोन्ही हातांनी छातीला धक्का दिला. समोरचा आडवा पडला. हा वर उभा राहून ओरडत राहिला. जुनी नोंद: खेळाच्या भरात घडलेला प्रकार. शिक्षा: समज. माझ्या प्रोग्रामनं दोन्हींना एकच वर्ग दिला होता, धसमुसळेपणा.

अशी एकच जोडी असती तर सोडून दिलं असतं. मी बघत गेले. कधी उलटंही निघालं, नाही असं नाही. पण काटा झुकत होता तो एकाच बाजूला. काळ्या मुलाचा धक्का म्हणजे त्याचा स्वभाव. गोऱ्याचा धक्का म्हणजे त्या क्षणाचा दोष.

आता माझा मूर्खपणा ऐका. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असतं, जे दिसेल ते नोंदवा, कारण कळलं नाही तरी नोंदवा. मी आज्ञाधारक. सॉफ्टवेअरमध्ये सापडलेल्या दोषांची एक यादी असते, तिच्यात मी नवा दोष उघडला, म्हणजे नोंदवला. लिहिलं: 'एकाच कृतीला दोन वेगळे वर्ग. प्रोग्राम तपासला, बरोबर आहे. फरकाचा संबंध खेळाडूच्या रंगाशी दिसतो. तपासावे. गांभीर्य: सर्वोच्च.' आणि सवयीप्रमाणे सगळ्यांना मेल टाकली. रॉनला, डेनिसला, श्रीरंग सरांना, पुण्याच्या टीमलाही. जी गोष्ट त्या इमारतीत कुणी उच्चारत नव्हतं, ती मी सॉफ्टवेअरमधला किडा म्हणून नोंदवली. आणि चहा घ्यायला गेले.

चार दिवसांनी ती मीटिंग झाली. तुमच्या लोकांना जिथं तिथं अन्यायच दिसतो.

मीटिंगनंतर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं.

"बस. हे बघ, मी धमकी देत नाहीये. सोमवारच्या कॉलवर तो दोष क्लोज कर. कमेंटमध्ये लिही, माझ्या प्रोग्राममधली चूक. संपलं, यार."

"चूक नाहीये, सर. मी चेक केलंय."

"तुला बास्केटबॉलमधलं काय कळतं? ती पोरं असतातच तापट. आपण इथं पाहुणे. आपण कशाला मध्ये पडायचं?" मग माझी फाइल त्यांनी टेबलावर दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली आणि परत स्वतःकडे ओढली. "तुझे पेपर्स पुढच्या आठवड्यात फाइल करू म्हणतोय. आणि एक लक्षात ठेव. इथं सवलती नसतात. इथं काम बघतात."

सोमवारची घाई कशाची, तेही त्यांनीच सांगितलं. अकरा नंबरनं बंदीविरुद्ध अपील केलं होतं. खेळाडूंच्या संघटनेच्या वकिलानं शिक्षांच्या नोंदींसंबंधीचे सगळे कागद मागितले होते. आमची उघड्या दोषांची यादीही त्यात जाणार होती. नोंदवणाऱ्यानं आपली चूक म्हणून दोष बंद केला, की तो यादीतून गळतो. आणि आमच्याकडे नियम असा, की ज्यानं दोष उघडला त्यानंच तो बंद करायचा.

म्हणजे त्यांना माझा हात हवा होता.

"हो, सर," मी म्हणाले. लिहायला लाज वाटते, पण म्हणाले. धन्यवादही म्हणाले.

पार्किंगमध्ये गाडीत बसले आणि किल्ली हातातच धरून राहिले. ग्रीन कार्ड गेलं. व्हिसा गेला. सामान दोन बॅगांत बसेल का, इथपर्यंत मी पोचले. आणि तशात डोक्यात एकच वाक्य वाजायला लागलं. खेळाच्या भरात. खेळाच्या भरात. हे मी कुठं ऐकलं होतं? इंग्रजीत नाही. मराठीत. माझ्याच गावच्या मैदानात.

मी सातवीत होते. खो-खोत चपळ. मुख्याध्यापकांची पुतणी वैशाली दुसऱ्या गटात. खांबापाशी तिनं माझी वेणी धरून ओढली. मान मागं गेली, डोळ्यांत पाणी आलं. मी वळून तिला धक्का दिला. ती धुळीत बसली. खेळाच्या सरांची शिट्टी वाजली.

तिला म्हणाले, "ऊठ गं. खेळाच्या भरात झालं तुझ्याकडून, जाऊ दे."

माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिला माज आलाय. यांना मैदानात घेतलं हीच चूक."

मधल्या सुट्टीभर मी दोन्ही कान धरून उभी. दोन्ही गटांसमोर तीनदा मोठ्यानं म्हणायला लावलं, माझी चूक झाली. तिसऱ्यांदा आवाज बारीक आला म्हणून चौथ्यांदा. दुसऱ्या दिवशी बाबांना शाळेत बोलावलं. बाबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. त्यांनी काय झालं ते विचारलंच नाही. आत शिरता शिरताच हात जोडले. "लेकरू आहे, साहेब. चुकलं तिचं." तालुक्याच्या संघात माझं नाव आलं नाही. दहावीनंतर दाखला हातात पडला तेव्हा वर्तणूक समाधानकारक.

खरं सांगायचं तर अपमान मला त्या मैदानावरचा छळत नव्हता. छळत होतं ते पुढचं. त्या दिवसापासून मी मानून चालले होते, की माझ्यात खरंच काहीतरी माजलेलं आहे. झाकण ठेवायला हवं. कॉलेजात कुणी रांगेत पुढं घुसलं तर मी गप्प. पुण्यात माझं काम दुसऱ्यानं आपल्या नावावर खपवलं तर मी गप्प. आवाज चढला की मी स्वतःलाच दटावायचे, बघ, आला माज. वीस वर्षं मी स्वतःवर पहारा दिला. बिनपगारी.

आणि आता अ‍ॅशबर्नच्या पार्किंगमध्ये मला समजलं, की ती नोंद माझी नव्हतीच. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांची होती. माझा प्रोग्राम आंधळा होता म्हणून त्याला खरं दिसलं. तो अकरा नंबरही कुठंतरी खोलीत बसून स्वतःचा तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत असेल. आपल्यात काय वाईट आहे ते शोधत असेल. मला संताप आला. माझ्यासाठी नाही आला, त्याच्यासाठी आला. स्वतःसाठी संतापायची मला सवयच नव्हती.

पण संतापानं भीती जात नाही. दोघं एकाच घरात राहतात.

रविवारी सकाळी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं.

"करून टाक बंद, बाई," बाबा म्हणाले. "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. लई कष्टानं गेलीस तिथं."

मी विचारलं, "बाबा, वैशालीनं आधी माझी वेणी ओढली होती. तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"कुणी सांगितलं?"

"त्यांच्याच शिपायानं. दारातच सांगितलं मला."

"मग हात का जोडले?"

"नोकरी होती माझी," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "भ्यालो होतो."

मला बाबांचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. मला दिसलं ते एवढंच, की मीही परवा केबिनमध्ये शिरता शिरताच हात जोडले होते. माझ्यापुढं बाबांचं सगळं आयुष्य होतं. मुख्याध्यापकापुढं, डॉक्टरपुढं, तलाठ्यापुढं जोडलेले ते हात. आणि त्या हातांनी वाचलेली नोकरी, जिच्यावर मी शिकले. हे सगळं खरं. पण हे आणखी एक पिढी चालवायचं का?

सोमवारी दहाचा कॉल. सकाळपासून दोन घास गेले नव्हते. कॉन्फरन्स रूममध्ये सर माझ्या शेजारी बसले. भिंतीवर यादी उघडी. माझा दोष सगळ्यांत वर, लाल रंगात. स्पीकरवर रॉन, डेनिस आणि लीगचा कुणी वकील.

रॉन म्हणाला, तुमच्याकडून एक चूक झाली होती, ती आज दुरुस्त होते आहे असं मला कळलंय. सरांनी माउस माझ्यापुढं सरकवला. हळूच म्हणाले, "चल, कर."

मी माउसला हात लावला नाही. लावला असता तर तो बंद केला असता, हे मला माहीत होतं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि बोलले. आवाज इतका बारीक निघाला की रॉननं पुन्हा विचारलं. मी पुन्हा बोलले.

"इट इज नॉट माय एरर. द कोड इज करेक्ट. आय विल नॉट क्लोज इट."

सरांनी माउस परत स्वतःकडे ओढला.

"डू यू अंडरस्टँड व्हॉट यू आर सेइंग?" वकील म्हणाला.

"येस," मी म्हणाले. "सेम पुश. टू वर्ड्स."

सरांनी फोन म्यूट केला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जातीवर गेलीस शेवटी."

आयुष्यभर मी या वाक्याला भीत आले होते. ते कधी येईल, कुठून येईल, कोणासमोर येईल. आलं. आणि तोंडातून शब्द निघाले, मराठीत. "हो, सर. तुम्हीपण तुमच्या जातीवरच गेलात." आणि मी उठले. बाथरूममध्ये जाऊन ओकले. बराच वेळ खाली फरशीवर बसून राहिले. शौर्यबिर्य काही वाटलं नाही. आपण घरदार पेटवून बाहेर उभ्या आहोत, असं वाटलं.

दुपारपर्यंत माझा पासवर्ड बंद झाला. मला प्रोजेक्टवरून काढून घरी बसवलं. माझी फाइल दाखल झाली नाही. कंपनी कधी सोडेल ते आज सांगता येत नाही. दारावर टपालवाल्याचं पाऊल वाजलं तरी मी दचकते. पॉटलकची बोलावणी थांबली, ती कुणी थांबवली हे विचारायची गरज नाही. डेनिसचा मात्र एकदा फोन आला. ती म्हणाली, आक्रमक वृत्ती हे शब्द मीच टाइप करायचे. मला सांगायचे आणि मी टाइप करायचे. मला दोन मुलगे आहेत. एवढं बोलून तिनं फोन ठेवला. तिच्याही पोटाला नोकरी बांधलेली आहे. मी तिला नावं ठेवणार नाही.

अकरा नंबरची बंदी अजून उठलेली नाही. उठेल असंही नाही. यादी त्याच्या वकिलाच्या हातात पडली, दोष उघडाच होता, खाली माझं नाव होतं. त्या वकीलबाईंनी मला शोधून काढलं. गुरुवारी अपिलाची सुनावणी आहे आणि मी साक्ष द्यावी असं त्यांचं म्हणणं आहे. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, तुमची कंपनी चिडेल, तुमच्या व्हिसाला मी काही करू शकणार नाही, आणि समोरचा वकील तुम्हाला सोलून काढेल. तुम्हाला या खेळातलं काय कळतं, असं विचारेल.

विचारू दे. मी सांगेन की खेळातलं मला फार कळत नाही. धक्क्याला काय नाव मिळतं आणि ते देणाऱ्याकडे बघून कसं बदलतं, यातलं मला सातवीपासून कळतं. माझी शाळा सांगेन. माझी जात सांगेन, कुणी विचारायच्या आधी, या देशात पहिल्यांदा, मोठ्यानं.

भीती गेलेली नाही. गुरुवारपर्यंत जाणारही नाही. जेवण जात नाही, परवा दुधाचं पातेलं हातातून सुटलं. तशीच कापत जाईन मी तिथं. बाबांना कालच सांगितलं, तुम्ही माझ्यासाठी आता कुणापुढं हात जोडायचे नाहीत. परत पाठवलं तर परत येईन नांदेडला. दोन बॅगा लागतील, त्या काढून ठेवल्यात. पण तो दोष उघडा आहे, आणि तो माझ्या हातानं बंद होणार नाही.